चीनची अक्षरे आणि चीनची वाणी



चीनविषयी आपल्या समाजात जी थोडीबहुत माहिती रूढ आहे तीत एक विधान असे आहे की, ते प्रत्येक पिढीने मागल्या पिढीकडून पारख न करता स्वीकारले आहे. त्या देशातील प्रांतोप्रांतीच्या लोकांना परस्परांचे बोलणे कळत नसले तरी ते सर्व एकच लिखाण वाचू शकतात, कारण त्यांची लिपी ध्वनींची नसून कल्पनांची आहे, असे ते विधान होय. शाळेतील भूगोलाच्या पुस्तकापासून वृत्तपत्रांतील लेखांपर्यंत ते सर्वत्र आढळते. आजच्या व्याख्यानात मी त्याची तपासणी करणार आहे. त्याच्या पूर्वार्धात बरेच तथ्य आहे, उत्तरार्ध चुकीचा आहे, आणि या दोहोंना जोडणारे जे 'कारण' हे पद, ते तर सर्वांत अधिक दिशाभूल करणारे आहे, असे माझे मत असून ते आपल्यापुढे साधार मांडण्याची अनुज्ञा मी मागतो.

हा समज मूळचा चिनी नव्हे. सोळाव्या-सतराव्या शतकांत जे युरोपीय धर्मोपदेशक चीनमध्ये पोहोचले त्यांच्या पत्रांतून आणि ग्रंथांतून तो पश्चिमेत पसरला, आणि लायब्नित्झसारखा प्रज्ञावान तत्त्वज्ञही काही काळ या अक्षरांकडे, मनुष्यजातीला उच्चारनिरपेक्ष अशी एक सार्वत्रिक लिपी सापडेल या आशेने पाहत राहिला. १८३८ साली द्यू पाँसो या अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रेंच विद्वानाने स्वतंत्र प्रबंध लिहून असे प्रतिपादले की, चिनी अक्षर हे कल्पनेचे चिन्ह नसून चिनी भाषेतील शब्दाचे, म्हणजे बोलल्या जाणाऱ्या अवयवाचेच चिन्ह आहे. त्याचे म्हणणे तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही, आणि इंग्रजी ग्रंथांच्या वाटेने आपल्याकडे आला तो जुना समजच.

आता अक्षरांची घडण पाहू. १८९९ साली वांग यीरुंग या विद्वान अंमलदाराचे लक्ष जुन्या हाडांवर कोरलेल्या खुणांकडे गेले, आणि पुढे हनान प्रांतातील आनयांगजवळच्या उत्खननांवरून सिद्ध झाले की, ख्रिस्तपूर्व तेराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास शांग राजे बैलांच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर दैवी कौल मागत आणि ते प्रश्न तेथेच कोरून ठेवीत. त्या लेखनात सूर्य, चंद्र, वृक्ष, अश्व यांची चित्रे आहेत हे खरे. परंतु ज्या शब्दाचे चित्र काढता येत नाही त्याच्यासाठी, समान उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचे चित्र उसने घेण्याची युक्ती त्या काळीही चांगलीच रुळलेली दिसते. इसवी सनाच्या १०० च्या सुमारास शू शन याने जो कोश सिद्ध केला त्यात ९,३५३ अक्षरे ५४० वर्गांत लावलेली असून, त्यांतील बहुसंख्य अक्षरे दोन अंगांची आहेत: एक अंग अर्थाचा प्रांत सुचविते, दुसरे उच्चार सुचविते. निळ्या-हिरव्या रंगाचे जे 'छिंग' अक्षर आहे त्याला पाण्याचे अंग जोडले की 'निर्मळ' हा शब्द होतो, सूर्याचे जोडले की 'निरभ्र', हृदयाचे जोडले की 'भावना', वाणीचे जोडले की 'विनंती'; आणि या सर्वांचा उच्चार सुरांचा भेद वगळता 'छिंग' असाच आहे. ज्या लिपीतील बहुतेक अक्षरे आपल्या पोटात उच्चाराची खूण बाळगून आहेत तिला ध्वनिनिरपेक्ष म्हणणे हे वस्तुस्थितीला सोडून आहे. ती खूण अपुरी आहे, जुनी झाली आहे, अनेक ठिकाणी पुसट झाली आहे, एवढेच फार तर म्हणता येईल.

आणि ती पुसट कोणाला झाली आहे, हेही पाहिले पाहिजे. नदीवाचक 'च्यांग' या अक्षरात उच्चारदर्शक म्हणून 'कुंग' हे अंग बसविलेले आहे. बीजिंगच्या मनुष्याला या दोन उच्चारांत काही साम्य दिसत नाही; पण क्वांगतुंग प्रांतातील मनुष्य पहिल्याला 'कोंग' आणि दुसऱ्याला 'कुंग' म्हणतो, आणि त्याच्या कानाला प्राचीन लेखकाने केलेली योजना आजही बरीचशी पटते. उत्तरेकडील दरबारी लोक ज्या दक्षिणी बोलींना अशुद्ध म्हणून हिणवीत आले त्यांनीच पुराण्या उच्चारांचे दप्तर सांभाळून ठेवले आहे.

यासंबंधीचा एक दाखला आपल्या घरचाच आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग दक्षिणेत आला, पुलकेशीच्या राज्यातून गेला, आणि परत गेल्यावर त्याने या देशाचे नाव आपल्या प्रवासवृत्तात चार चिनी अक्षरांत लिहविले. आजच्या बीजिंगच्या उच्चाराप्रमाणे ती अक्षरे 'मो-ह-ला-छा' अशी वाचली जातात, आणि त्यांत महाराष्ट्र शोधणाऱ्यास पुष्कळ ओढाताण करावी लागते. तांग राजवटीच्या त्या काळी मात्र तिसऱ्या अक्षराच्या अखेरीस 'त्' होता आणि चौथे अक्षर 'ठा'च्या जवळपास उच्चारले जाई, म्हणून त्या काळचे वाचन 'म-हा-लात्-ठा' अशा प्रकारचे होते. म्हणजे यात्रिकाने आमच्या प्राकृत 'महारट्ठा'चा पुरता कानोसा घेतला होता! तो अंत्य 'त्' उत्तरेत लोपला. क्वांगतुंगमध्ये तो अद्यापि उच्चारला जातो. या चार अक्षरांचे चिनी अर्थ येथे सर्वस्वी निरुपयोगी आहेत, ती केवळ ध्वनीसाठी योजलेली आहेत. बुद्धाच्या नावाचेही तसेच. त्याच्यासाठी योजलेल्या अक्षराचा तांगकालीन उच्चार 'बुत्' असा होता. आज बीजिंगला ते 'फो' आहे, क्वांगतुंगला 'फत्', दक्षिण फूच्येनला 'हुत्'.

या वाणीभेदाचा विस्तार किती आहे? भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः सात मोठे समूह मानतात: उत्तरेचा आणि नैर्ऋत्येचा अफाट मुलूख व्यापणारी मँडरिन, शांघाय-सूचौ भागातील वू, क्वांगतुंग-हाँगकाँगची युए अथवा कँटोनी, फूच्येन आणि तैवानची मिन, आणि हाक्का, श्यांग व कान. मँडरिनच्या प्रदेशात मंचुरियाचा मनुष्य युन्नानच्या मनुष्याशी थोड्या प्रयासाने बोलू शकतो. उलट फूच्येनच्या डोंगराळ भागात एका खोऱ्यातील वाणी दुसऱ्या खोऱ्यात दुर्बोध होते. बीजिंगला चार सूर, हाँगकाँगला सहा. दहा या संख्येला बीजिंगचा मनुष्य 'श' म्हणतो, हाँगकाँगचा 'सप्', दक्षिण फूच्येनचा 'चप्'. यांना बोली म्हणावे की भाषा, हा प्रश्न राजकारणात गुरफटलेला आहे, आणि त्याचे उग्र स्वरूप गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या लोकांना कोकणीच्या वादामुळे चांगले परिचित आहे. कोकणी ही एक भाषा देवनागरी, रोमन, कानडी, मल्याळम आणि अरबी अशा पाच लिप्यांत लिहिली गेली, तर चीनमध्ये अनेक वाणींवर एकच लिपी बसविली गेली. पहिल्या उदाहरणात लिपी अनेक असल्याने भाषा अनेक झाली नाही. दुसऱ्यात लिपी एक असल्याने भाषा एक ठरत नाही. माझ्यापुरते मी स्पष्ट सांगतो की, परस्परांना न समजणाऱ्या या वाणी म्हणजे एका कुलातील भाषा होत, आणि त्यांना बोली म्हणण्यात शास्त्रापेक्षा राज्यव्यवहाराचा भाग अधिक आहे.

चिनी पंडितांनी स्वतःच्या ध्वनींचा केलेला अभ्यास हा तर आपल्या विशेष अभिमानाचा विषय व्हावा. इसवी सन ६०१ मध्ये लू फायान याने सिद्ध केलेल्या 'छिये-युन' या यमककोशात प्रत्येक अक्षराचा उच्चार दोन ओळखीच्या अक्षरांनी दाखविला आहे: पहिल्याचा आरंभीचा वर्ण घ्यावा, दुसऱ्याचा उरलेला भाग आणि सूर घ्यावा. पुढे तांगांच्या उत्तरकाळी आणि सुंगांच्या अमदानीत जे ध्वनिपट तयार झाले त्यांत आरंभीच्या वर्णांची ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य अशी मांडणी केलेली असून, ओष्ठ्यांचा क्रम प, फ, ब, म असा आहे. अघोष अल्पप्राण, अघोष महाप्राण, घोष आणि अनुनासिक हा भेद ज्या रीतीने आमच्या वर्णमालेत बसविला आहे तीच ही रीत. चिनीत घोष महाप्राणाचा वेगळा वर्ण नसल्याने 'भ'ची जागा तेवढी गाळलेली. संस्कृत मंत्रांचे उच्चार बिनचूक व्हावेत म्हणून सिद्धम् लिपी आणि तिची वर्णमाला शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या वाटेने ही दृष्टी तेथे गेली. विसाव्या शतकात कार्लग्रेन या स्वीडिश पंडिताने हे जुने कोश एका हाती आणि जिवंत वाणींची नोंद दुसऱ्या हाती घेऊन मध्ययुगीन चिनीचे उच्चार पुन्हा उभे केले. त्या पुनर्रचनेला ओष्ठ्यांतील घोष वर्ण शांघायकडच्या वाणीने पुरविला आणि अंत्य व्यंजने क्वांगतुंगने पुरविली. बीजिंगने या दोन्ही बाबतींत जवळजवळ काहीच पुरविले नाही.

मग हा एवढा मोठा मुलूख लिखाणाने बांधला गेला तो कशाने? याचे उत्तर अक्षरांच्या घडणीत नाही, कारभारात आहे. सरकारी नेमणुकांसाठी परीक्षांची जी पद्धत सुमारे तेराशे वर्षे चालली आणि १९०५ साली बंद झाली, तीत सर्व प्रांतांचे उमेदवार एकाच प्राचीन भाषेत, एकाच ग्रंथसंचयावर उत्तरे लिहीत. ती भाषा कोणाच्याच तोंडी नव्हती. फूच्येनचा विद्यार्थी ती फूच्येनच्या उच्चारांनी घोकी, शान्सीचा शान्सीच्या. कागदावर दोघे सारखे उतरत. आमचे काशीचे आणि कांचीचे पंडित ज्या संस्कृतात परस्परांना पत्रे लिहीत त्यासाठी कोणी कल्पनालिपीचा शोध लावीत नाही. त्यांनी एक भाषा कष्टाने शिकलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु परीक्षा लेखी आणि कारभार तोंडी, यातून एक अडचण उद्भवली. कोणत्याही अंमलदाराची नेमणूक त्याच्या स्वतःच्या प्रांतात करावयाची नाही असा मिंग आणि छिंग राजवटींचा दंडक होता. त्यामुळे प्रत्येक जिल्ह्याच्या कचेरीत परका अधिकारी, परकी रयत आणि मध्ये दुभाष्याचे काम करणारे स्थानिक कारकून अशी स्थिती असे. अधिकाऱ्यांना आपापसांत बोलण्यासाठी उत्तरेच्या वाणीवर आधारलेली एक सामायिक भाषा लागली, आणि तिलाच क्वान-ह्वा, म्हणजे अंमलदारांची बोली, असे नाव पडले. १७२८ साली युंगचंग बादशहाने असे फर्मान काढले की, दरबारात हजर होणारे फूच्येन आणि क्वांगतुंगचे अधिकारी आपली हकीकत सांगू लागले की त्यांचे बोलणे आपणास कळत नाही, आणि ज्यांचे बोलणे बादशहास कळत नाही त्यांचे प्रांतोप्रांतीच्या प्रजेस कसे कळणार. सबब त्या प्रांतांत शुद्ध उच्चार शिकविणाऱ्या शाळा काढाव्यात. शाळा निघाल्या, काही काळ चालल्या, आणि बहुतेक निष्फळ झाल्या. हे फर्मान म्हणजे कल्पनालिपीच्या सिद्धांताला मिळालेले बादशाही उत्तर होय. सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य, ज्याच्या लेखणीत एक चूक नाही, तो राजासमोर उभा राहिला की मुका होत असे.

लेखणीचे सामर्थ्य मात्र मी कमी लेखीत नाही. १९०५ साली फान बोई चाउ हा व्हिएतनामी देशभक्त योकोहामा येथे निर्वासित चिनी सुधारक ल्यांग छीछाओ यांस भेटला तेव्हा दोघांनी कागदावर चिनी अक्षरे लिहूनच आपल्या देशांच्या दुर्दैवाविषयी संभाषण केले. जपान, कोरिया, व्हिएतनाम येथील विद्वानांना जोडणारा हा दुवा खरोखर भव्य होता. तो ज्यांना शिकण्याची सवड आणि साधन होते अशा थोड्यांचा होता, हे मात्र विसरता कामा नये.

त्याच पिढीत त्या प्राचीन भाषेची सद्दी संपली. १९१७ मध्ये हू शी यांनी 'नवयुवक' मासिकातून लोकभाषेत वाङ्मय लिहिण्याचा आग्रह मांडला, १९१८ मध्ये लू शुन यांची पहिली लोकभाषेतील कथा प्रसिद्ध झाली, आणि १९२० मध्ये प्राथमिक शाळांची पुस्तके लोकभाषेत आणण्याचा सरकारी हुकूम निघाला. पण लोकभाषा म्हणजे कोणत्या लोकांची? उत्तरेच्या! तेव्हापासून हाँगकाँगच्या विद्यार्थ्यापुढे जे छापील चिनी येते ते मँडरिनचे व्याकरण आणि मँडरिनचे शब्द घेऊन येते. तृतीयपुरुषी सर्वनामासाठी त्याच्या जिभेवर 'खोइ' आहे. पुस्तकात दुसरेच अक्षर आहे, ते तो स्वतःच्या उच्चाराने 'था' असे वाचतो आणि बोलताना कधीही वापरीत नाही. त्याने आपले बोलणे जसेच्या तसे लिहावयाचे म्हटले तर त्याला खास कँटोनी अक्षरे योजावी लागतात, आणि तो मजकूर बीजिंगच्या वाचकास नीट लागत नाही. हा विद्यार्थी सर्वांबरोबर एकच लिखाण वाचतो ते या अर्थाने की त्याने दुसरी भाषा शिकून घेतली आहे. त्या श्रमाचे श्रेय लिपीला देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

राष्ट्राचा उच्चार एक असावा म्हणून १९१३ साली बीजिंगला जी परिषद भरली, तीत साडेसहा हजारांवर अक्षरांचे उच्चार बहुमताने ठरविण्यात आले. प्रतिनिधींत इतके वितुष्ट आले की, दक्षिणेच्या एका सभासदाने आपल्या बोलीत रिक्षासाठी उच्चारलेला शब्द उत्तरेच्या वांग चाओ यांना शिवीसारखा ऐकू येऊन ते अस्तन्या सावरून त्याच्या अंगावर धावले, असे सांगतात. मतांनी सिद्ध झालेली ती भाषा ना उत्तरेची होती ना दक्षिणेची. चाओ युआनरन या थोर भाषाशास्त्रज्ञाने तिच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि पुढे त्यांनीच नमूद केले की ती भाषा बोलणारे आपण एकटेच होतो. अखेर १९३२ मध्ये बीजिंगचाच उच्चार प्रमाण म्हणून छापला गेला. १९५६ मध्ये नव्या राजवटीने तोच 'फू-थुंग-ह्वा', म्हणजे सर्वसामान्य भाषा, या नावाने देशभर लागू केला, आणि ११ फेब्रुवारी १९५८ रोजी ज्या रोमन लेखनपद्धतीला मान्यता मिळाली तिलाच आपण पिनयिन म्हणतो.

चिनी भाषा अक्षरांवाचून लिहिताच येणार नाही, हा जो दुसरा समज आहे त्याचे निरसन मतप्रतिपादनाने करण्याची गरज नाही. ते घडून गेले आहे. १८७७-७८ च्या सुमारास वायव्य चीनमधील मुसलमान बंड मोडल्यावर रशियाच्या हद्दीत पळून गेले; त्यांचे वंशज दुंगान या नावाने आज किर्गिझस्तान आणि कझाखस्तानमध्ये राहतात, आणि आपली चिनी वाणी रशियन लिपीत, सुरांची चिन्हेही न देता, लिहितात व छापतात. तैवानात १८८५ पासून एक ख्रिस्ती वृत्तपत्र तेथील मिन वाणीत रोमन लिपीतून निघू लागले, आणि ज्या स्त्रियांना अक्षरांचे शिक्षण कधी मिळाले नसते त्या ते वाचीत. या प्रयत्नाचे मूळ तर गोव्याच्या इतिहासाला स्पर्श करून जाते. मात्तेओ रिची हा जेझुइट १५७८ मध्ये गोव्यास उतरला आणि १५८२ मध्ये मकावकडे गेला. त्याच मुदतीत, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स गोव्यास आला. एकाने पुढे १६०५ मध्ये चिनी मजकूर रोमन वर्णांसह छापविला; दुसऱ्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीतच छापले गेले.

सोपी केलेली अक्षरे चांगली की जुनी, या वादात मी फार वेळ घालवीत नाही. १९५६ पासून मुख्य चीनने दोन हजारांहून अधिक अक्षरांना कमी रेघांची रूपे दिली, तैवान आणि हाँगकाँगने जुनी ठेवली, आणि साक्षरता सर्वत्र वाढली. शाळा आणि शिक्षक ही त्याची कारणे होत. अधिक महत्त्वाचा बदल आज डोळ्यांदेखत होत आहे. मुख्य चीनमधील तरुण बहुधा दूरध्वनीवर पिनयिनने उच्चार टंकतो आणि समोर आलेल्या अक्षरांतून हवे ते निवडतो. ज्या लिपीला ध्वनिनिरपेक्ष म्हटले गेले तिच्यात लिहिण्यासाठी आता बीजिंगचा उच्चार आधी यावा लागतो. २०२० च्या सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे ८० टक्के लोक सामान्य भाषा बोलू शकतात. याचे हित उघड आहे: मजूर दूरच्या शहरात काम मिळवितो, रोगी वैद्याला आपले दुखणे सांगतो. पण सूचौच्या मुलांना आजीची वू वाणी कळते आणि बोलता येत नाही, ही हानी त्या हिताची अपरिहार्य किंमत होती असे मी मानीत नाही. तैवानने २००१ पासून प्राथमिक शाळांत मातृभाषांना जागा दिली, ती याहून पुष्कळ आधी देता आली असती, आणि मुख्य चीनमध्येही देता येईल.

अखेरची एक विनंती. पुण्याच्या पु. वि. बापटांनी पाली 'समंतपासादिके'चे चिनी रूपांतर जपानी विद्वान हिराकावा यांच्यासह इंग्रजीत आणले, आणि १९७० मध्ये भांडारकर संस्थेने ते प्रसिद्ध केले. ज्यांची मूळ संस्कृत पोथी नष्ट झाली असे आपले कितीतरी ग्रंथ केवळ चिनीत शिल्लक आहेत, आणि ते वाचणारे आपल्याकडे मोजके आहेत. चिनीतील प आणि फ, त आणि थ यांतील भेद मराठी माणसाला फुकट मिळालेला आहे. पिनयिन वाचून आपण ज्याला 'बीजिंग' म्हणतो ते 'पेइचिंग'च्या अधिक जवळ आहे, हे त्याला एकदा ऐकताच कळते. तेव्हा येथे उपस्थित असलेल्या विद्यार्थ्यांनी चिनी शिकावे, ती इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून शिकावी, आणि आमच्या विद्यापीठांनी तिच्यासाठी व्याकरण, कोश आणि नावांच्या देवनागरी लेखनाचे नियम मराठीतून सिद्ध करण्याचे काम हाती घ्यावे, अशी माझी या सभेला आग्रहाची प्रार्थना आहे.